सगळ्या बाह्या डाव्या

डोक्याऐवजी पाय मोडला असता तर बरं झालं असतं, असं ताई आता उघड म्हणू लागली होती. पायाला प्लास्टर असतं. प्लास्टर दिसतं. लोक बसायला खुर्ची देतात, दार उघडून धरतात, पोरं त्यावर पेनानं चित्रं काढतात. डोक्याच्या आत जे हलतं त्याला प्लास्टर घालता येत नाही, आणि जे दिसत नाही ते नसतंच, अशी एकूण जगाची समजूत.

ताई शिवणकारखान्यात कटर होती. तिथे दवाखान्यांचे पांढरे कोट शिवले जात. कापडाचे थर एकावर एक घालायचे, वर खडूनं आखायचं आणि सगळे थर एकदम कापायचे, हे तिचं काम. तिच्याहून मोठे होते तेसुद्धा तिला ताईच म्हणत, कारण कटिंगच्या टेबलापाशी तिचा शब्द चाले. तर एके दुपारी वरच्या फळीवरून कापडाचा तागा घसरला आणि थेट तिच्या डोक्यात बसला. रक्त आलं नाही. टेंगूळसुद्धा धड आलं नाही. डॉक्टरांनी स्कॅन काढला, तो स्वच्छ निघाला. "मेंदू हादरलाय," डॉक्टर म्हणाले. "बरा होईल, पण सरळ रेषेत नाही. काही दिवस चांगले जातील, काही वाईट. घाई करू नका."

सरळ रेषेत नाही, हे ताईला लगेच समजलं, कारण तिचा सगळा जन्म रेषा आखण्यात गेला होता. बाकीच्यांच्या डोक्यात मात्र ते काही केल्या शिरेना, आणि त्यांच्या डोक्यांना तर काही लागलंही नव्हतं.

वाईट दिवशी ती पडदे ओढून आडवी पडे. उजेड टोचे. शेजारी कुणी चमचा पाडला तरी डोळ्यांत पाणी येई. वाचायला घेतलं की अक्षरं जागा सोडत. नवरा बिचारा पाय न वाजवता चालायला बघे आणि त्या नादात हमखास खुर्चीला धडके. मग "लागलं का हो?" असं तिनंच अंधारातून विचारायचं.

चांगल्या दिवशी ती उठे, केस विंचरे, बाजारात जाई, भाजीवालीशी हुज्जत घाली. लोकांच्या मते तिचं चुकायचं ते इथेच. चांगला दिवस चारचौघांत निघायचा आणि वाईट दिवस बंद खोलीत. तिला अंधारात पडलेली पाहायला कुणी आलं नव्हतं, हसताना पाहिलेले मात्र गल्लोगल्ली भेटत.

"काल तर बरी होतीस," नवरा म्हणे. त्याच्या मनात काही वाईट नसायचं, पण ते वाक्य कानावर पडलं की तिच्या अंगाचा तिळपापड होई. काल बरी होते म्हणून आज बरी असलंच पाहिजे, हा कुठला न्याय? काल ऊन होतं म्हणून आजच्या ढगाला कुणी जाब विचारतं का? ती हे बोलून दाखवी, तो मान हलवी आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच म्हणे.

कारखान्यात तर कहरच होता. डॉक्टरांना विचारून ती बऱ्या दिवशी कामावर जाऊ लागली होती. एका वाईट सकाळी तिनं येत नाही म्हणून फोन केला, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, काल संध्याकाळी लंबूनं तुला बाजारात पाहिलं. चांगली खिदळत होतीस म्हणे."

लंबू म्हणजे दुसरा कटर, उंच आणि तोंडाळ.

"काल बरं होतं, बाई. आज डोळे उघडवत नाहीत."

"हे बघ, ऑर्डर अडलीय. जमत नसेल तर तसं सांग, टेबल लंबूला देऊन टाकते. आज आहे, उद्या नाही, असं किती दिवस चालवायचं मी?"

ताईनं फोन ठेवला. खिदळत होते म्हणे. आता हसायलाही परवानगी काढायची का? ज्या टेबलावर उमेदीची सगळी वर्षं काढली, ते एका हसण्यापायी जाणार होतं. "पडून राहा, काही जग बुडत नाही," नवरा म्हणाला. तिनं ऐकलं नाही. दाखवूनच देते, असं म्हणत चपला घातल्या आणि भिंतीला धरत जिना उतरली. कुणाला काय दाखवायचं होतं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं, पण अंगात तेवढा रागच काय तो शिल्लक होता.

कारखान्यात मशिनी एकदम चालू होत्या. डोक्यावर ट्यूबलाइट आणि समोर पांढरंशुभ्र कापड. ताई डोळे किलकिले करून थर घालत गेली. बाह्यांचं कापड घालताना एक थर सुलट, एक उलट, असे तोंडाला तोंड लावून घालायचे असतात, म्हणजे एकाच आखणीत डावी बाही निघते आणि उजवीही. नव्या माणसाला सगळ्यात आधी हेच शिकवतात. ताईनं सगळे थर सुलट घातले. मग खडू चालला, कटिंग मशीन चाललं, हात सवयीनं बरोबर वळले. वाईट दिवसाच्या नाकावर टिच्चून काम उरकलं, असं तिला वाटलं आणि ती मनातून खूशही झाली.

दुपारी शिवणाऱ्या बायकांपैकी एकीनं दोन बाह्या हातात धरल्या, पालथ्या केल्या, परत सुलट केल्या. गठ्ठ्यातून आणखी दोन काढल्या. मग तिनं आपलं मशीन बंद केलं. शेजारणीनं काय झालं म्हणून वाकून पाहिलं आणि तिनंही बंद केलं. बघता बघता सगळा हॉल शांत झाला. गठ्ठ्यातल्या सगळ्या बाह्या डाव्या होत्या.

आता या कारखान्याची एक रीत होती. कापण्यात कुणी घोळ घातला की त्या चुकीच्या तुकड्यांचाच कोट शिवायचा, चुकणाऱ्यानं तो अंगात घालायचा आणि बाकीच्यांनी मन भरेपर्यंत टिंगल करायची. लंबू एकदा कोपरापर्यंतच पोचणाऱ्या बाह्या घालून फिरला होता. खुद्द मालकीणबाईंनी तरुणपणी पाठीवर खिसा मिरवला होता. ज्याची टिंगल होई तो आपल्यातला, इतकं ते साधं होतं. ताईवर ही पाळी कधी आली नव्हती आणि तिला त्याचा तोरा होता.

आज कुणी हसलं नाही. लंबू आपल्या पायांकडे बघत राहिला. इस्त्रीवाले काका हळूच चुकचुकले. मालकीणबाई जवळ आल्या आणि आजवर कारखान्यात कुणी ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात म्हणाल्या, "असू दे गं. तुझी काही चूक नाही. घरी जा, आराम कर. टेबलाचं लंबू बघेल."

चार शिव्या दिल्या असत्या तर ताईला बरं वाटलं असतं. तो मऊ आवाज तिच्या मस्तकात गेला.

"बाई, सकाळी मी सोंग करत होते," ती म्हणाली. "आणि दुपारी एकदम बाद झाले?"

"अगं, तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणताय. हसले की सोंग, चुकले की बिचारी. मधलं काही तुमच्याकडे नाहीच. आणि मी मधलीच आहे. काही दिवस मला जमतं, काही दिवस नाही जमत. आज जमत नव्हतं, तसं सकाळी सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत, आणि मीही माझं ऐकलं नाही. पण चूक माझी आहे. कटरची चूक आहे ही. रीतीप्रमाणे कोट शिवा."

कुणी जागचं हललं नाही. तेव्हा तिनंच कोटाचे तुकडे आणि दोन डाव्या बाह्या उचलल्या आणि चूक शोधणाऱ्या बाईच्या मशीनवर नेऊन ठेवल्या. बाईनं मालकिणीकडे पाहिलं. मालकीणबाईंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तेवढं एकच मशीन चालू झालं. सगळ्यांनी उभ्याउभ्या ते संपायची वाट पाहिली.

ताईनं कोट चढवला. उजव्या हातावरची डावी बाही कोपरापाशी भलतीकडेच वळली आणि हात मागे ओढला गेला. दुसऱ्या हातानं तिनं टेबलाची कड धरली.

"हे टेबल माझं आहे," ती म्हणाली. "बऱ्या दिवशी मी कापीन. वाईट दिवशी येणार नाही, आणि मी बाजारात काय करत होते याची साक्ष कुणी काढायची नाही. त्या दिवशी लंबू कापील."

"आणि उद्याचा दिवस कसा असेल ते मला आज कळायचं कसं?" मालकीणबाईंचा आवाज पुन्हा नेहमीसारखा खरखरीत झाला होता.

"नाही कळायचं. मलाही कळत नाही. मी सकाळी उठते आणि बघते."

मालकीणबाई तिच्याकडे, त्या वाकड्या बाहीकडे, परत तिच्याकडे पाहत राहिल्या. "कॉलर कापायच्या राहिल्यात," शेवटी त्या म्हणाल्या. "ज्या दिवशी येशील त्या दिवशी काप." मग लंबूवर खेकसल्या, "आणि तुझं काय रे? एरवी तोंड बंद होत नाही, आज दातखीळ बसली?"

लंबूनं मान वर केली. "ताई," तो चाचरत म्हणाला, "या कोटात जेवाल कशा? घास कानात जायचा."

मग काकांना फिसकन हसू आलं, आणि पाठोपाठ सगळा हॉल फुटला. कुणी म्हणे पाठ खाजवायची सोय झाली, कुणी म्हणे दुसरा डावा हात कुठून आणायचा. एकेक हसणं ताईच्या डोक्यात घणासारखं बसत होतं. ट्यूबलाइट डोळ्यांसमोर हेलकावे खात होत्या. नुसतं "थांबा" म्हटलं असतं तर सगळे तिथल्या तिथे गप्प झाले असते. तिनं टेबलाची कड घट्ट धरली आणि थांबा म्हणाली नाही.