हिरामण भोयेंची पत्रं

कंडक्टर चिमाजी गावितने नाशिकच्या पेठ नाक्यावर चालत्या एसटीतून उडी मारली, रस्ता ओलांडला आणि भर दुपारी हिरामण भोयेचे पाय धरले. खांद्यावरची तिकिटांची पेटी त्याच्या गुडघ्यावर आपटत होती. थांबलेल्या गाडीतली पन्नास माणसं खिडक्यांतून माना काढून बघत होती.

"अरे, ऊठ. लोक बघतात."

"बघू द्या. भाऊ, तुमचं पत्र वाचलं मी. तीनदा वाचलं. पोरीचं लगीन थांबवलं, परत शाळंत घातली. घरचे लय भांडले. म्हटलं, भोयेभाऊ लिहितात ते खोटं नाय."

"कुठलं पत्र?"

चिमाजी हसला. मोठा माणूस आपलं मोठेपण नाकारतो तेव्हा समोरच्याने हसावं, तसा. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तसा तो पळत गेला आणि गाडी पेठकडे निघून गेली.

हिरामण तिथेच उभा राहिला. या महिन्यातला हा तिसरा माणूस. आधी मुंबईहून मंत्रालयातल्या एका कारकुनाचा फोन आला होता, 'तुमच्यामुळे बायकोचं नाव घरावर लावलं' म्हणून. मग कचेरीत एक साहेब पाठीवर थाप मारून गेले. हिरामणने आयुष्यात बदलीचे अर्ज आणि रजेचे अर्ज यांपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं, आणि तेही जुन्या अर्जावरून उतरवून.

त्याला एवढं माहीत होतं, की समाजातल्या नोकरदारांनी दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २००२ साली, मंडळाचा ई-ग्रुप काढला होता. नाशिक, मुंबई, सुरत इथली दोनशे माणसं त्यात होती, आणि दोनशेच्या दोनशे बाप्ये. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, ते सगळ्यांना पोचायचं. कचेरीतल्या मनोजने त्याचंही खातं उघडून पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला होता. ती चिठ्ठी हिरामणने घरी कॅलेंडरला टाचली आणि विसरून गेला. कॉम्प्युटर हे टाइपिस्टचं काम, असं त्याचं ठाम मत होतं. सरकारने सक्तीचा केलेला कॉम्प्युटरचा कोर्सही तो आजारपण काढून टाळत आला होता.

पण कोणीतरी त्याच्या नावाने चालवलेली ही थट्टा आता अंगाशी येत होती. रविवारी सुरगाण्याहून पाहुणे त्याच्या मुलीला, निकिताला, बघायला येणार होते. मुलगा शिक्षक, घर चांगलं, हुंड्याचा शब्द नाही. निकिताला बारावीला भरपूर मार्क पडले होते आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला होता, पण पालकाच्या सहीचा फॉर्म आठ दिवस टीव्हीवर तसाच पडला होता. शनिवारी मुदत संपत होती. मुलगी टीव्ही पुसताना फॉर्म उचलायची, खालची धूळ झटकायची आणि परत तिथेच ठेवायची. आज शुक्रवार होता.

नाक्यावरच रावजीचा सायबर कॅफे होता. हिरामणने अर्ध्या दिवसाची रजा टाकलीच होती. आत जाऊन त्याने रावजीलाच ग्रुप उघडून द्यायला सांगितलं.

"कोणाची पत्रं काढू?"

"माझी."

रावजीने विचित्र नजरेने पाहिलं, पण काढून दिली. अकरा होती. प्रत्येकाखाली नाव होतं, हिरामण पुंजा भोये.

पहिली चार तोकडी होती. बायका मागून का जेवतात, एवढंच एकात विचारलं होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं, की बायको तापाने पडली तेव्हा मी आठवडाभर भाकऱ्या थापल्या आणि मग मला कळलं की पाठ कुठे दुखते. हिरामणने जन्मात कधी परातीला हात लावला नव्हता. सरिता तापाने पडली होती ते खरं, पण भाकऱ्या निकिताने केल्या होत्या. खाली लोकांनी त्याला यथेच्छ धुतलं होतं. कोणी बायकोचा बैल म्हटलं, कोणी बांगड्या पाठवतो म्हटलं. ते वाचून हिरामणला रागही आला आणि आपण काही न करता मार खाल्ल्यासारखं वाईटही वाटलं.

मग हळूहळू शिव्या कमी होत गेल्या. सुरतेच्या एकाने लिहिलं, मीपण काल पाणी भरलं. दुसऱ्याने लिहिलं, उगाच लाज वाटत होती. समोरासमोर बसून ही माणसं असं मेली तरी बोलली नसती. मंडळाच्या बैठकीत यांच्यातले निम्मे कसे मिशांना पीळ देत बसतात, ते हिरामणने पाहिलं होतं.

हे कोणाचं काम? मनोजला भाकरीतलं काही कळत नाही. सरितेने निकिताबरोबर जाऊन तो कोर्स केला होता, पण तिचा विचार त्याने आला तसा झटकून टाकला. वीस वर्षांत तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या कचेरीत नाव विचारलं, तर ती मुलीला पुढे करायची. जिच्या जिभेवर नाव चढत नाही तिच्या बोटांवर ते कुठून येणार, असा त्याने साधा सरकारी हिशेब केला आणि पुढचं पत्र उघडलं.

पाचव्यापासून लिहिणं बदललं होतं. वाक्यं संथ झाली होती. मधे मधे डोंगरातली बोली येत होती, जी हिरामणने नाशिकला आल्यावर, लोक हसतात म्हणून, ठरवून सोडली होती. भाताच्या आवणीच्या चिखलात पाय कसे कुजतात ते लिहिलं होतं. नागलीची रास, आईचा खोकला, वडलांनी बांधलेल्या कुडाच्या घराची मागची खिडकी, सगळं होतं. कॅफेतला पंखा डोक्यावर फिरत होता, तरी त्याची बनियन पाठीला चिकटली.

अकरावं पत्र फुलाबद्दल होतं.

फुला त्याची थोरली बहीण. बारा वर्षांपूर्वी दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामावर असताना तापाने वारली. पत्रात लिहिलं होतं, 'फुलाबाई सातवी पास होती. तिला नाशिकहून नर्सच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं. टपाल माझ्या हातात पडलं. मी चौदा वर्षांचा होतो. ती गेली असती तर गुरं माझ्या गळ्यात पडली असती आणि माझी शाळा सुटली असती. घरात कोणी नव्हतं. मी ते पत्र चुलीत घातलं.'

हिरामणने स्क्रीनवर हात ठेवला. काच कोमट होती.

हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, सरितेला नाही, फुलाला तर नाहीच. ती दोन महिने त्याच्यादेखत पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसली, मग तिचं लग्न झालं. पत्र पुढे आणखी होतं, पण त्याला वाचवेना. तो उठला, रावजीच्या हातावर नोट ठेवली आणि सुट्टे न घेता बाहेर पडला.

घरी सरिता तांदूळ निवडत होती. निकिता क्लासच्या मैत्रिणीकडे गेली होती. हिरामण चप्पल न काढताच आत आला. सरितेने त्याच्या चपलांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"ग्रुपवर माझ्या नावाने कोण लिहितं?"

सुपातला तिचा हात थांबला.

"पहिली चार मी लिहिली," ती म्हणाली. "संक्रांतीपासून होळीपर्यंत. बाईच्या नावाने लिहिलं असतं तर कोणी वाचलं नसतं, म्हणून. नाव घ्यायला जीव धजत नव्हता. पहिल्यांदा टाइप केलं तेव्हा दोनदा पुसलं मी. मग तुम्हाला लोक घाण घाण बोलायला लागले. मला वाटलं, माझ्यामुळे तुम्हाला पाप लागलं. सोडून दिलं मी."

"आणि बाकीची?"

ती चक्क लाजली. चाळिशीला आलेली बाई, पण मान खाली घालून तिने तांदळातून बोट फिरवलं.

"बाकीची तर तुमचीच की. पाचवं पत्र आलं तेव्हा मी आधी घाबरले. म्हटलं, यांना कळलं. आता रागावतील, मग रागावतील. तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसते पुढे लिहीत राहिलात. मग मी पण विचारलं नाही. म्हटलं, तोंडाने बोलता येत नाही म्हणून लिहितात, तर लिहू द्यावं."

हिरामणला आठवलं, गेले तीन-चार महिने ही कामं करताना गुणगुणत होती. त्याच्या ताटाशेजारीच आपलं ताट घेऊन बसत होती. त्याला वाटलं होतं, मुलीची परीक्षा चांगली गेली म्हणून असेल.

मी नाही लिहिली, हे शब्द त्याच्या तोंडाशी आले होते. तो ते म्हणणारच होता. सरितेने वर पाहिलं. लग्नाच्या पहिल्या वर्षातसुद्धा तिने त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. ते डोळे विझवायला त्याला एक वाक्य पुरलं असतं.

"हो," तो म्हणाला. "मीच लिहिली."

त्याने चपला काढून दाराबाहेर ठेवल्या. टीव्हीवरचा फॉर्म घेतला आणि खिशातल्या पेनाने, तिथेच उभ्याने, पालकाच्या रकान्यात सही केली. सही वाकडी आली. सरितेने पदर डोळ्यांना लावला.

"सुरगाण्याला काय कळवायचं?"

"मी फोन करतो. येऊ नका म्हणून सांगतो."

ती उठली, फॉर्म त्याच्या हातातून घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवी नीट घडी करून उराशी धरली. मग तिने विचारलं, हलकेच, दुखऱ्या जागेवर हात ठेवावा तसं.

"एक विचारू? त्या शेवटच्या पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय ना, की तुम्ही ते टपाल जाळलं तेव्हा फुलाबाई पाणी घेऊन आल्या होत्या. मागच्या खिडकीशी उभ्या होत्या, हंडा डोक्यावर. त्यांनी सगळं बघितलं आणि हंडा तसाच घेऊन पुन्हा विहिरीवर गेल्या."

हिरामण भिंतीला टेकला. खिडकीशी कोणी होतं, हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

"इतक्या वर्षांत त्या तुम्हाला काहीच बोलल्या नाहीत?"

खाली नाक्यावर पेठची गाडी लागली होती. कंडक्टर गावांची नावं पुकारत होता. तो पुकारा थांबेपर्यंत हिरामण ऐकत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "आजपर्यंत नाही."