रेजच्या मापाचा कोट

माझी उजवी बाही डावीपेक्षा बोटभर आखूड आहे आणि माझे खांदे आता कुणालाच बसत नाहीत. तरीही मित्रांनो, मी एक ओव्हरकोट आहे, आणि एके काळी इंग्लंडभर लोक मला ओळखत.

साउथएंडच्या मॅव्हिस नावाच्या शिंपिणीने मला रेज टॉलिव्हरच्या मापाने शिवले. रेज हा भिंतींना गिलावा करणारा साधा माणूस. पन्नाशीत त्याला सिनेमात गुंडांच्या म्होरक्याचे काम मिळाले. मला अंगावर चढवून तो नुसता दारात उभा राहिला, तरी प्रेक्षकांचा श्वास अडकायचा. असे तीन सिनेमे झाले. बाजारात मासेवाला ओरडायचा, "काय म्होरके, आज कुणाला उचलणार?"

"वाटीभर शिंपले उचलतो, बाबा," रेज लाजून म्हणायचा.

मग रेजचे गुडघे गेले. निर्मात्यांनी ठरवले, आता म्होरक्याच्या तरुणपणाची गोष्ट काढायची. त्यासाठी कॅलम नावाचा देखणा, सडपातळ नट आला. रेजला म्होरक्याच्या बापाचा एकच प्रसंग मिळाला. आणि मला कापून कॅलमच्या मापाचा करायचा हुकूम सुटला. नवा कोट त्यांना नको होता. जाहिरातीत 'तोच कोट' असे छापायचे होते.

मॅव्हिस अडून बसली. "माझ्याने नाही होणार. हा तुझा आहे, रेज."

"अगं, मी आहेच की सिनेमात. काप बिनधास्त. पोरगा चांगला आहे."

तिने कात्री चालवली. 

सिनेमा लागला, तेव्हा मला पडद्याशेजारी लाकडी पुतळ्यावर चढवले होते. त्यामुळे मी सगळे पाहिले. कॅलम धावला, ओरडला, बंदुका उडाल्या. पण भीती म्हणून कुणाला वाटली नाही. लोक मधूनच उठू लागले. "चांगलं चाललेलं, उगाच उकरून काढलं," एक बाई दारात म्हणाली.

तिसऱ्या रांगेत रेज इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, शेजारी मॅव्हिस. बापाचा प्रसंग आलाच नाही. तो काढून टाकला होता. शेवटी नावे सरकू लागली. थिएटर रिकामे झाले, तरी रेज एकेक नाव वाचत राहिला.

"चल रे."

"थांब गं. अजून आहेत."

शेवटचे नाव वर गेले आणि दिवे लागले.

आठवडाभरात सिनेमा उतरला आणि मी मॅव्हिसकडे परत आलो. तिने माझ्या शिवणी उसवल्या, पण उरलेल्या चिंधीत एकच बाही लांबवता आली. तिने मला रेजला घालून पाहिले. मी खांद्यापाशी अडलो.

"मीच फुगलोय," रेज म्हणाला. खरे तर तो निम्मा झाला होता.

त्यानंतर तो बाजारात दिसला नाही. वसंत ऋतू लागता लागता तो गेला.

त्याच्या अंत्यविधीनंतर कॅलम मॅव्हिसच्या दुकानात आला.  "प्रसंग काढल्याचं मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, रेजना कुणीतरी सांगितलं असेल."

"सगळ्यांना तसंच वाटलं, बाळा," मॅव्हिस म्हणाली.

मित्रांनो, थकलेल्या माणसाचे काम काढून घ्यावे लागले, तर त्याच्या शेजारी बसून ते तुम्ही स्वतः सांगा. ते कुणीतरी सांगेल, असे समजू नका.