सरीतून गेलेली सुई

"काका, परत पॉइंट नाईन," तेजल म्हणाली. "अजून एकदा लावू?"

"किती वेळा लावलीस?"

"चार."

"मग पाचव्यांदा काय मशीनला दया येणार हाय?"

पगारेंनी चष्मा कपाळावर चढवला, प्लेट हातात घेतली आणि तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडखळलं. मशीनची बारीक सुई जे आकड्यात सांगत होती, तेच नखाने सांगितलं. माल खरखरीत होता.

नाशिकजवळ अंबडच्या या कारखान्यात ट्रॅक्टरच्या पंपात बसणाऱ्या पोलादी प्लेटा घासून गुळगुळीत करत. खरखर पॉइंट फोरच्या वर गेली की प्लेटेवरचं रबरी सील झिजतं आणि सहा महिन्यांत तेल गळायला लागतं. माल तपासायच्या त्या काचेच्या खोलीत धम्मपाल पगारेंची सव्वीस वर्षं गेली होती. प्लेटा विकत घेणारी पुण्याची कंपनी इथले खोके उघडूनसुद्धा बघत नसे. रिपोर्टखाली पगारेंची सही दिसली की माल थेट जोडणीला. या गोष्टीचा पगारेंना भयंकर अभिमान होता आणि तो लपवायची अक्कल मात्र नव्हती. नांदगावला भावकीत कुणाचं लग्न असलं तरी पंगतीत हा विषय निघायचाच.

ग्राइंडिंगवरचा लखन दारात येऊन उभा राहिला. "काका, चाकाला धार काढायला टाइमच नाय दिला. साहेब बोलले, तसंच चालव."

पाठोपाठ साहेबही आले. अमितसाहेब म्हणजे मालकांचे चिरंजीव. "काका, पुण्याची लाइन थांबलीये. सोडून द्या सहाशे प्लेटा."

"दुपटीहून जास्त खरखर हाय, साहेब. परत घासू. दोन दिवसांत देतो."

"दोन दिवसांत ऑर्डर दुसरीकडे जाईल. तुमच्या एका सहीवर अडलंय."

"माझ्याकडं तेवढीच तर हाय, साहेब. नाय करणार मी."

"ठीक आहे," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

इतक्या सहज ठीक आहे म्हणणाऱ्या मालकाची धास्ती घ्यायला हवी, हे एवढ्या नोकरीनंतर पगारेंना कळायला हवं होतं. पण त्या दिवशी स्वारी स्वतःवरच खूश होती. घरी जाऊन त्यांनी सुमनबाईंना सगळं रंगवून सांगितलं.

"मग? काढलं का कामावरून?" सुमनबाईंनी विचारलं.

"नाय."

"मग जेवून घ्या."

सकाळी खोलीत पाऊल टाकलं तर प्लेटांचे खोके जागेवर नव्हते. गाडी रात्रीच गेली होती. रिपोर्ट तेवढा दहा वाजता मेलने जायचा म्हणून टेबलावर होता. पॉइंट थ्री सिक्स, पॉइंट थ्री एट, पॉइंट थ्री फाइव्ह. खाली सही तेजलची.

हे कसं झालं ते पगारेंना लगेच उमगलं, कारण ते त्यांनीच शिकवलं होतं. घासलेल्या प्लेटेवर बारीक रेघा उठतात. सुई त्या रेघांना आडवी न्यायची, म्हणजे प्रत्येक चढउतार तिला लागतो. तेजल दोन वर्षांपूर्वी नवी आली तेव्हा त्यांनी तिला प्लेट मुद्दाम फिरवून दाखवली होती. "नांगरलेल्या रानात आडवं चाललं तर ठेचा लागतात. सरीतून चाललं तर रान सपाटच वाटतं. अशी प्लेट कधी लावायची नाय." पोरगी हुशार. एकदा दाखवलेलं विसरली नव्हती.

ती आली. टेबलावरचा कागद आणि काकांचा चेहरा बघून दारातच थांबली.

"साहेब म्हणाले, परमनंट करतो. नाहीतर एक तारखेपासून येऊ नको," ती म्हणाली. "घरात मी एकटी कमावते, काका. तुमची काय, चार वर्षं राहिलीत."

पगारेंना रागवायचं होतं. रात्री झोपताना त्यांनी स्वतःची पाठ थोपटली होती आणि त्याच वेळी ही इथे बसून प्लेट फिरवत होती, हे आठवलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपण नाही म्हणून घरी गेलो, पण मशीनपाशी ठेवलं कुणाला?

सहा महिन्यांनी तेल गळालं की पहिला प्रश्न येणार, सही कुणाची? तेवीस वर्षांची पोर. नाशिकमध्ये पुन्हा कुठे तिला तपासणीच्या खोलीत उभं करणार नाहीत.

त्यांनी कोरा फॉर्म घेतला. तिचे आकडे आपल्या अक्षरात उतरवले आणि खाली सही केली. सही नेहमीसारखी स्वच्छ आली. हात थोडा कापला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. मग त्यांनी तिचा कागद फाडला.

"काका, नको ना," तेजल म्हणाली. पण तिने त्यांचा हात धरला नाही.

साहेबांनी रिपोर्ट वाचला. "हेच काल केलं असतं तर? उगाच पोरीला ताप." कागद घेऊन ते गेले. अर्ध्या तासात पुण्याहून निरोप आला, माल लाइनला लावला. कुणी काही विचारलं नाही. पगारेंना आतून कुठेतरी वाटत होतं की विचारतील.

जेवणाच्या सुट्टीनंतर लखनने पुढच्या लॉटचा ट्रे आणून ठेवला. तेजलने पहिली प्लेट पुसून सुईखाली नेली आणि तिचा हात थांबला.

"काका, कशी लावू?"

दोन वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. पगारेंनी तोंड उघडलं. रेघांना आडवी, एवढंच तर सांगायचं होतं. पण ज्या तोंडाने सांगायचं, त्याची त्यांना खात्री वाटेना.

"साहेबांना विचार," ते म्हणाले.

तेजल खरंच उठली आणि केबिनकडे गेली.