बर्फात उणे सहा

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे आणि माझ्यामुळे एका बाईंचे डोळे गेले. हे आधीच सांगितलेलं बरं.

काच फुंकणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं, पोटात पारा भरला, अंगावर उणे दहापासून आकडे कोरले. मग मी महाविद्यालयाच्या रसायनशाळेत आलो. तिथे शिकवणाऱ्या बाई नायट्रेशनचा प्रयोग करून दाखवायच्या. बर्फात ठेवलेल्या चंबूत दोन आम्लांचं मिश्रण थेंबाथेंबाने सोडायच्या. मुलांना हसून सांगायच्या, "नायट्रिक एरवी आम्ल म्हणून मिरवतं. पण सल्फ्युरिकपुढे त्यालाच आम्लारी व्हावं लागतं. शेरास सव्वाशेर." त्या झटापटीतून निघालेला कण चंबूतल्या द्रवातल्या कार्बनच्या कड्याला जाऊन चिकटतो आणि चंबू तापतो. मी दहाच्या वर गेलो की बाई थेंब थांबवायच्या, नाहीतर चंबू तापत जाऊन उसळला असता. सारी भिस्त माझ्यावर होती.

म्हणून रसायनशाळेतले काका रोज सकाळी मला बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासायचे आणि हाक द्यायचे, "शून्य, बाई." बाई स्वतः कधी बघायला आल्या नाहीत. सव्वीस वर्षांत तशी वेळच आली नव्हती.

काकांच्या निवृत्तीला आठवडा उरला असताना मी त्यांच्या हातून निसटलो. काच शाबूत राहिली, पण पाऱ्याचा एक तुकडा तुटून वर अडकला. बर्फात मी उणे सहा दाखवलं. काकांनी मला झटकलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा उणे सहा. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून साधी परीक्षानळीही फुटली नव्हती.

"शून्य, बाई," ते म्हणाले. आवाज जरा बारीक होता.

मला ओरडता येत नाही. चंबूत सोळा अंश होते आणि मी दहा सांगत होतो. माझा आकडा नीट दिसावा म्हणून बाईंनी वाफेने धुरकटलेला संरक्षक चष्मा कपाळावर सरकवला, वाकून मला पाहिलं आणि पुढचे थेंब सोडले. तांबडा धूर उठला आणि चंबू उसळला.

काकांनी दुसऱ्याच दिवशी सगळं कबूल केलं. आता मी बाईंच्या घरी टेबलावर असतो. काका रोज सकाळी येतात, वाटीत बर्फ घेऊन मला बुडवतात.

"किती, काका?"

"उणे सहा, बाई."

मित्रांनो, हातून काही पडलं तर तेव्हाच सांगा. वस्तू बदलता येते. बाईंनी काकांना एकदाही दोष दिला नाही. फक्त काल, वाटी बाजूला सारता सारता त्या म्हणाल्या, "कपाटात नवे तीन होते हो, काका."