अस्तंब्याचं तेल

झुलाल आबा अस्तंब्याचा डोंगर सातव्यांदा चढत होते आणि हे सोबतच्या दोघांना दर वळणावर ऐकवत होते. दिवाळीच्या तोंडावर सातपुड्यातल्या या शिखरावर अश्वत्थाम्याच्या दर्शनाला जायचं, तर त्याच्या कपाळावरच्या जखमेसाठी तेल न्यायचं. वाटेत तो भेटलाच, तर तोंडाकडे बघायचं नाही. बाटली ठेवायची, पाठ फिरवायची, मागे वळायचं नाही. वळला तो संपला. आबांचे नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

यंदा त्यांनी जावयाला ओढून आणलं होतं. वना अमळनेरच्या कापसाच्या जिनात कामाला. अंगाने ताडासारखा, पण चार पावलांत धापा टाकणारा. ‘शहरनं पानी’ म्हणून आबा त्याला टोमणे मारत. पण त्यांच्या लेकीला, तानुबाईला, दिवस गेले होते आणि याआधी दोनदा कूस रिकामी झाली होती. पोराच्या बापानेच नवस बोलायचा, म्हणून वना निमूट चालत होता.

शिखराखालच्या तळ्याकाठी मुक्काम ठरला. आबांचा पुतण्या निंबा काटक्या वेचू लागला. वना घोंगडी पांघरून, कळशी घेऊन पाण्याला गेला. तेवढ्यात असं धुकं उतरलं की शेजारचा माणूस दिसेना. वना परत आलाच नाही.

हाका मारून निंबाचा घसा बसला. आबा काठी आपटत काठाकाठाने फिरले. पलीकडे सरळ दरी. लेकीला काय तोंड दाखवू, या एकाच विचाराने म्हातारा घामाने भिजला.

दिवस बुडता बुडता धुक्यातून एक उंच आकृती आली. कपाळ फुटलेलं, सगळं तोंड रक्ताने माखलेलं. तिने हात पुढे केला. “तेल...”

 आबांनी निंबाची मान खाली दाबली, बाटली दगडावर ठेवली आणि डोळे मिटून हात जोडले.

“देवा, मना जवाई सापडत नही. त्याले वाट दखाड. मी त्याले लई बोलनू, पन पोरगा सोनं शे. मनी तानुनं कुंकू सांभाळ.”

 नुसती धाप ऐकू आली.

“चाल निंबा. मांगे देखू नको.”

“आबा, पन...”

“देखू नको सांगं ना!”

दोघे चालू लागले. मागे बाटली फुटली. मग काहीतरी धप्पकन पडलं आणि कुणीतरी कण्हलं, “माय वं...”

आबा थबकले.

“निंबा, देव माय वं म्हनस का रे?”

निंबाने डोळे घट्ट मिटले. मग आबाच वळले आणि धावत सुटले.

वनाच होता. ओल्या दगडावरून घसरून कपाळ फुटलं होतं. फुटक्या बाटलीच्या बुडाशी उरलेलं तेल आबांनी जखमेवर ओतलं, पागोटं फाडून बांधू लागले. म्हातारा उघड उघड रडत होता. बऱ्याच वेळाने रक्त थांबलं, वनाने डोळे उघडले.

“आबा, ते देवनं तेल...”

“उगा ऱ्हाय. उजाडताच खाली चालू. डोंगर काही पळी जास नही.” आबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग एकदम चपापले. “मी बोलनू ते तू बठ्ठं आयकं का?”

वना हसायला गेला आणि कळवळला.

“सोनं शे म्हने.”

आबांनी पागोट्याची गाठ जरा जास्तच आवळली.