कानोशाचा जीव किती

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कानोसा चौथ्यांदा मेला. तेही दुसऱ्याच फेरीत. बसचालकाने दोर टाकला, ग्रंथपालबाईंनी दिव्याचं तेल ओतलं आणि दंतवैद्याने फासा टाकून विचारलं, "गेला का?" धाकटीने कागदावरचा आकडा खोडला आणि गेला म्हणून सांगितलं. दंतवैद्याने घड्याळ पाहिलं. "माझ्याकडे अक्कलदाढसुद्धा याहून जास्त झुंजते."

कचेरीत तिला सगळेच धाकटी म्हणत, कारण थोरलीचं नाव सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ ही कचेरी छापत असे, आणि छापण्याआधी ते खेळून बघायला बसचालक, ग्रंथपालबाई, दंतवैद्य आणि एक विद्यार्थी अशी बाहेरची चार माणसं येत. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, आणि कोण जगलं कोण मेलं ते फासे ठरवतात. त्या गोष्टींतल्या राक्षसांना आकडे लावायचं काम धाकटीचं. कोण किती पावलं चालतो, कोणाचा घाव किती खोल, कोणात जीव किती. सोळा वर्षं भीतीची मापं काढून तिला आता कशाचीच भीती वाटत नव्हती. झोप मात्र येत होती.

कानोसा थोरलीच्या, म्हणजे तिच्या ताईच्या, कादंबरीतला. तो विहिरीत, हौदात, जिथे पाणी साठतं तिथे राहतो. त्याला डोळे नाहीत, हात घोट्यापर्यंत लोंबतात. आवाज झाला की तो तिकडे सरकतो, आणि आवाज करणारा पुन्हा दिसत नाही. पुस्तक वाचून मोठी माणसं नळ घट्ट बंद करून झोपायची, असं म्हणत. त्यावरून निघणाऱ्या खेळाच्या करारात ताईची एकच अट होती: प्रत्येक पानावर तिची सही हवी. एकतीस पानांवर ती झाली होती. कानोशाचं पान मात्र चारदा परत आलं होतं, आणि चारही वेळा 'जीव' या रकान्यात ताईच्या टपोऱ्या अक्षरात एकच ओळ होती: हा मरत नाही.

संपादकांनी ती ओळ वाचून चष्मा काढला होता. मरत नसेल तर लोकांनी टेबलावर बसून काय करायचं, आरती ओवाळायची का, असं त्यांनी विचारलं होतं. मुखपृष्ठावर कानोसाच होता. शुक्रवारी संध्याकाळी सहाला पानं छापखान्यात जायची होती, आणि आकडा आणि सही घेऊन ये, तुझीच बहीण आहे, एवढं बोलून ते मोकळे झाले होते.

धाकटीची चूक तिला स्वतःलाच माहीत होती. पाच माणसांविरुद्ध एकटा राक्षस उभा केला की त्यांना पाच पाळ्या मिळतात, त्याला एक. त्याची पाळी येईपर्यंत त्याचं भरीत झालेलं असतं. धंद्यात आलेल्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात कळतं. तरी तिने जीव नव्वदाचा दीडशे केला, दीडशेचा दोनशे चाळीस केला. त्याने मरण लांबलं, भीती काही वाढली नाही.

दुसरीकडे, ताईची ओळ मान्य करून मोकळं व्हायचं तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. आकडा तिलाच हवा होता. का, ते तिने कचेरीत कोणाला सांगितलं नव्हतं.

लहानपणी संध्याकाळी पंप सुरू झाला की गच्चीवर जाऊन टाकीत डोकावायचं आणि भरली की वरून आईला ओरडून सांगायचं, हे काम दोघी बहिणींचं. दोघींनी मिळून ते केलं ते फार तर महिनाभर. मग ताईने तिला सांगितलं की टाकीत एकजण राहतो, तो आंधळा आहे आणि जी ओरडते तिलाच ओढतो. हे सांगून ताई पुस्तक घेऊन खाटेवर पडली आणि म्हणाली, आज तू जा. ते 'आज' चार वर्षं चाललं. धाकटी वर जायची, टाकी भरताना बघायची आणि गप्प उभी राहायची. पाणी जिन्यावरून खालच्यांच्या दारात जायचं. शेजारी आईला बोलायचे, आई तिला बडवायची. मुकी आहेस का, असं विचारायची. ताई पान उलटायची.

शुक्रवारी सकाळी धाकटीने चारही कागद बाजूला ठेवले आणि कानोशाला स्वतःची पाळीच ठेवली नाही. कोरा कागद घेऊन तिने लिहिलं: टेबलावर जो बोलेल, त्याच्याकडे तो लगेच तीन पावलं सरकेल. इशारे चालतील, चिठ्ठ्या चालतील. त्याखाली तिने आणखी एक ओळ लिहिली, खोडली, आणि पुन्हा लिहिली.

चार वाजता ताई आली. गुडघा धरत दोन जिने चढून आल्यामुळे आधी पाणी प्यायली. तिने असले खेळ कधी खेळले नव्हते. पाचवी खुर्ची रिकामी होती, तिथे तिला बसवलं.

पहिल्या दहा मिनिटांत खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. चिठ्ठ्या इकडून तिकडे सरकत होत्या. बसचालकाला शिंक आली आणि कानोसा तीन पावलं सरकला. शिंक म्हणजे बोलणं नव्हे, असं दंतवैद्याने तावातावाने सांगितलं, आणि त्या वाक्याबद्दल कानोसा त्याच्याकडे तीन पावलं सरकला. दंतवैद्याने तोंडावर हात ठेवला. कोणी हसलं नाही. ग्रंथपालबाईंचे हात टेबलाच्या कडेला घट्ट होते. सोळा वर्षांत अशी शांतता धाकटीच्या टेबलावर झाली नव्हती, आणि तिला बरं वाटायला हवं होतं. पाठ दुखत होती.

पाचव्या फेरीला हौदाचं झाकण पाचांच्या मागे बंद झालं. कानोसा दंतवैद्यापासून दोन आणि ताईच्या माणसापासून तीन पावलांवर होता. सगळ्यांनी नियमांचा कागद वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि एकमेकांकडे पाहिलं. ताईने तो दोनदा वाचला. मग कागद खाली ठेवून, घरात बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "टाकी भरली."

बाकीच्यांना ते खेळातलं वाटलं. धाकटीने कानोशाची सोंगटी उचलली आणि ताईच्या समोर ठेवली. वीस बाजूंचा फासा टाकला. अठरा. ताईच्या माणसाला कानोशाने ओढलं.

"आता?" ताईने विचारलं.

"तुला गिळेपर्यंत त्याला ऐकू येत नाही. तेवढ्यात हे चौघं त्याला मारू शकतात."

"म्हणजे कोणीतरी ओरडल्याशिवाय तो मरत नाही."

"नाही."

"हे पुस्तकात नाही."

"पुस्तकात वर जाणारी एकटी आहे, ताई."

गिळून होईपर्यंत चौघांनी पुन्हा पुन्हा फासे टाकले. घावांची बेरीज दोनशे एकतीस झाली. नऊ कमी पडले आणि कानोसा पाण्यात गेला. बसचालकाने पुन्हा खेळू म्हटलं. धाकटीने नको म्हटलं. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

तिने पान ताईपुढे ठेवलं. जीव: दोनशे चाळीस. खाली सहीची रेघ. ताईने पर्समधून पेन काढलं, आकड्यावर टेकवलं, उचललं. मग विचारलं, "तुला आई किती मारायची गं?"

"मोजलं नाही. तेव्हा मोजायची सवय नव्हती."

ताई पान घेऊन उठली. जरा बाहेर बसते, म्हणाली.

सहाला छापखान्याचा फोन आला. संपादकांनी पंधरा मिनिटं मागितली आणि दारातून धाकटीकडे पाहिलं. धाकटी फासे डब्यात भरत होती. ती उठून जिन्याकडे डोकावून आली. सव्वासहाला ताई वरून दुसऱ्या पायरीवर बसलेली होती, पान गुडघ्यावर, पेनाचं टोपण उघडं. दोनशे चाळीस खोडलेलं नव्हतं. रेघेवर सही नव्हती.