बिनहाताची घंटा

ऊन कलायला लागलं की चर्चच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. मनोऱ्याच्या पायथ्याशी खुर्च्या, खुर्च्यांवर म्हाताऱ्या, त्यांच्या मांडीवर नातवंडं आणि सगळ्यांच्या माना वर. मनोऱ्याच्या दाराला कुलूप, घंटेला दोर नाही, तरी घंटा वाजायची. ठण्ण! मग जरा थांबून ठण्ण, ठण्ण.

"आला! आपला घंटावाला आला!" कुणीतरी हुंदका देत म्हणायचं.

घंटावाला म्हणजे चर्चचे जुने सेवक. जन्मभर रोज सकाळी त्यांनी ही घंटा वाजवली आणि उन्हाळा तापू लागला तेव्हा झोपेतच गेले. चर्चच्या मंडळींनी मायेने घंटेचा दोर सोडवून त्यांच्या शवपेटीत ठेवला. त्याच आठवड्यात घंटा आपली आपण वाजू लागली.

पाठोपाठ फिरते उपदेशक ब्रदर आले. कुठून आले ते कुणी विचारलं नाही. पांढरे बूट, हातात माईक आणि टेबलावर तेलाच्या बाटल्या. "ही साधी बाटली नव्हे, माउल्यांनो! हिने घंटा ऐकलीय! गुडघ्याला चोळा, कपाळाला चोळा, दुकानाच्या शटरला चोळा!"

सांधे, संसार आणि सरकारी कामं, तिन्हींवर एकच तेल.

घंटावाल्यांची लेक इमारतींची तपासणी करणारी इंजिनिअर. मनोऱ्याच्या दुरुस्तीचा आराखडा तिनेच करून दिला होता: आधी टेकू, मग नवी तुळई, मग भेगा. वडील पत्र्याचा डबा घेऊन दारोदार फिरले होते आणि निधी जमलाही होता. आता चर्चच्या पंचांनी त्यातून मांडव घातला, खुर्च्या आणल्या, ब्रदरांना स्पीकर घेऊन दिले.

"जे देवाने धरलंय त्याला तुम्ही लोखंडाचे टेकू देणार?" ब्रदर म्हणाले, आणि पंचांनी आराखडा गुंडाळून ठेवला.

लेक पाळकांकडे गेली.

"मला कळतं हो, ताई," पाळक चष्मा पुसत म्हणाले. "पण मागच्या वर्षी माझं प्रवचन ऐकायला बाक आणि मी एवढेच असायचो. आता बघा."

"मनोरा पडला तर?"

"असं अभद्र बोलू नये."

मग तिने ठरवलं, बोलायचं नाही, दाखवायचं. भर दुपारी खास प्रार्थना होती, अंगण भरलेलं. ती शिडी लावून चर्चच्या छपरावर चढली आणि बागेच्या नळीने पाणी सोडलं. तापलेले पत्रे चुरचुरले, वाफ उठली. आत मनोऱ्यात काहीतरी कुरकुरलं.

ठण्ण! जरा थांबून ठण्ण, ठण्ण.

साऱ्या माना छपराकडे वळल्या.

"ऐका," ती वरूनच म्हणाली. "हे पत्रे एका लोखंडी सळईने मनोऱ्याच्या भिंतीला जखडलेत. उन्हात लोखंड लांबतं, गार झालं की आखडतं आणि भिंत ओढतं. भिंत फुटलीय, घंटा टांगलेली तुळई कुजलीय. तुळईला झटका बसतो आणि घंटा हलते. बाबा रोज वाजवून झालं की दोराने घंटेतला लोलक बांधून ठेवायचे. तो दोर आपण त्यांच्याबरोबर पुरला. म्हणून वाजते. दुसरं काही नाही."

एक म्हातारा चुळबुळत म्हणाला, "पोरगी म्हणते त्यात तथ्य..."

पण माईक ब्रदरांच्या हातात होता. "पाहिलंत? लेकीने हाक मारली आणि बाप भर दुपारी धावत आला! टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी तिच्या नळीतलं पाणी बाटलीत भरून घेऊ लागलं. लेक शिडीवरून उतरली तेव्हा दोघीतिघींनी तिच्या पायांना हात लावला. ती मागे सरली आणि तिला हसू की रडू कळेना.

आई पहिल्या रांगेत होती, बरोब्बर भेगेखाली.

"आई, ऊठ. भेग बोटभर रुंद झालीय."

"ते संध्याकाळी कधी घंटा वाजवायचे नाहीत," आई हळूच म्हणाली. "संध्याकाळी घरी चहा प्यायचे. एवढं मला ठाऊक नाही होय गं?"

"मग?"

"मग काय? कळलं म्हणून घरी जाऊ? घरी काहीच वाजत नाही."

 लेकीने खुर्ची आईसकट मागे ओढायला घेतली. आईने पाय रोवले. शेजारची बाई म्हणाली, "बसू दे की गं त्यांना. नवरा गेलाय त्यांचा."

ऊन उतरू लागलं. फाटकातून नवी माणसं येत होती. लेक तिथे जाऊन उभी राहिली आणि येईल त्याला सांगू लागली. ब्रदरांसारखा आवाज नव्हता तिच्याकडे. लोक ऐकून घेत, तिच्या खांद्यावर थोपटत आणि पुढे जाऊन खुर्ची धरत. तरी ती सांगत राहिली:

"घंटा वाजते म्हणजे भिंत हलते. विश्वास ठेवू नका, तापल्या पत्र्यावर पाणी टाकून स्वतः बघा. मेलेलं माणूस परत येत नाही, माझंही आलेलं नाही. रडायचं असेल तर रडा, मीही रडते. पण भिंतीपासून लांब उभं राहून रडा."